तीन बेचाळीस

चि. सौ. कां. मृण्
एवढ्यावर थिजला.
मयी यायची होती अजून. वधूचं अर्धं नाव
पाय मोडून उभं पडद्यावर,
कोपऱ्यातलं घड्याळ तीन बेचाळीसवर,
माऊस हलवला तरी बाण तिथेच
जिथे मी त्याला सोडला होता.

थिजणं हे तुपाचं काम, थंडीतलं.
एप्रिलात, नारायण पेठेत, पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर
पाऱ्यानं चाळिशी ओलांडल्यावर
काही थिजतं, हे मला नवीन होतं.

"उन्हाळा आहे," खालचे झेरॉक्सवाले गुजर म्हणाले,
"तुमच्या डोक्यासारखंच त्याचंही."
कॅबिनेटची बाजू काढली, टेबलफॅन त्याच्याकडे वळवला.
नऊ दिवस मी घामात पत्रिका जुळवल्या
आणि यंत्र वारा खात बसलं.

प्रज्ञा ओव्हाळ आली येरवड्याहून,
पाठीवर सॅक, तोंडाला रुमाल.
आधी धूळ. पंख्याच्या पात्यांवरून निघाली ती,
करडी, मऊ, जणू सगळ्या लग्नसराया
इथेच येऊन बसल्या होत्या.
मग प्रोसेसरवरचा लेप, वाळून खडू झालेला.
तो खरवडला, नवा थेंब ठेवला साबुदाण्याएवढा.
अठ्ठ्याऐंशी अंशांचे एकसष्ट झाले.
मी पाकीट काढलं.
"ठेवा," ती म्हणाली. "आधी एक वही करा."

केली. वेळ, अंश, काय चाललं होतं.
सोमवार: दुपारी चार, एकसष्ट, गणपती मोठा करताना.
मंगळवार, बुधवार: नाही.
गुरुवार: नाही. गुरुवारी वीजच नव्हती.
शुक्रवार: पहाटे सव्वासहा, एकोणचाळीस.
खिडकीतून नदीकडचा गार वारा,
चहाही व्हायचा होता,
आणि हा थिजलेला.

शुक्रवारच्या ओळीवर बोट ठेवून
ती बराच वेळ थांबली.
"तापानं थिजणारा पहाटे का थिजेल?
ताप खरा होता, काका. आजार तो नव्हे."
मग सहज, डॉक्टर विचारतात तसं,
"मध्यंतरी आत काही बदललंत?"
मी म्हणालो, "छे."

त्या रात्री मेमरीची तपासणी लावून ती गेली.
मी झोपलो नाही. खिळे जुळवायचो तेव्हा
एखादा झिजलेला निघायचा, सगळा फर्मा नीट
आणि एकच अक्षर दर पानावर आंधळं.
ते बोटांना कळायचं.
इथे बोटांना काही कळत नाही.
तीनच्या सुमाराला पहिली लाल ओळ आली.
मग दुसरी. मग मी मोजणं सोडलं.

सकाळी तिनं दोन्ही पट्ट्या काढल्या.
एक एकटी घातली: स्वच्छ.
दुसरी एकटी घातली: लाल.
"खाच खराब असेल," मी म्हणालो, जरा घाईनंच.
तिनं तीच पट्टी शेजारच्या खाचेत घातली.
लाल.

हिरवी पट्टी तिच्या तळहातावर,
स्टिकर अर्धं खरवडलेलं.
दिवाळीत तापकीर गल्लीत
एकानं पिशवीतून काढून दिली होती, सहाशेला.
बिल नाही, मी मागितलंही नाही.
रात्री स्वतःच बसवली
आणि सुनेला सांगितलं, कंपनीची आहे, अडीच हजार.

कुठून आणली, हे प्रज्ञानं विचारलं नाही.
पट्टी टेबलावर ठेवली
खिळ्यांच्या जुन्या खणाशेजारी,
आणि जिना उतरताना एवढंच म्हणाली,
"उन्हाळ्याला उगाच बोल लागला."

दुपारी मृण्पुढे मयी लिहिलं.
कोपऱ्यात तीन एक्केचाळीस.
तीन बेचाळीस.
श्वास धरून बसलो, का कोण जाणे.
तीन त्रेचाळीस.
मग उठून टेबलफॅन
माझ्याकडे वळवला.